बारा हजारांची वही

अक्काची वही आता माझ्याकडे आहे. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग. लग्न ठरलं आणि ती होस्टेल सोडून सांगलीला निघाली, त्या दिवशी कपाट आवरताना तिला ती सापडली. उभ्या उभ्या चाळली आणि माझ्या हातात दिली. "तुझ्याकडंच असू दे. माझ्याकडं रद्दीत जाईल." तिच्या गोल, ठसठशीत अक्षरात तेरा दिवसांचा हिशेब आहे. पुणे ते हावडा, तिथून दार्जिलिंग, पुढे पायी संदकफूचा डोंगर आणि परत. चौघींचा, पैशापैशाचा.

आम्ही चौघी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलींच्या होस्टेलवर एका खोलीत तीन वर्षं राहिलो. अक्का पतसंस्थेत, मास्तरीण एका खाजगी शाळेत, छोटी पॅथॉलॉजी लॅबमध्ये, आणि मी छपाईच्या कामांची प्रुफं तपासायला. बर्फाचा डोंगर चौघींपैकी कुणीही पाहिला नव्हता. मास्तरीण मुलांना भूगोलात हिमालय शिकवायची आणि संध्याकाळी येऊन म्हणायची, "आज परत खोटं बोलून आले गं."

सहल ठरवायची म्हणजे आधी पैसे ठरवायचे, हा अक्काचा नियम. तिनं वहीचं एक पान फाडून चार चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीनं आपल्याला झेपेल तो आकडा लिहायचा, नाव घालायचं नाही, घडी करून स्टीलच्या डब्यात टाकायची. सगळ्यात लहान आकडा निघेल तो सगळ्यांचा. मी पंचवीस हजार लिहिले होते. डब्यातून एक वीस निघाला, एक अठरा, आणि एका चिठ्ठीवर अक्षरी लिहिलं होतं, बारा हजार. तीन वर्षं एका खोलीत राहिल्यावर अक्षर लपत नाही. छोटीचा ह ओळखायला आम्हाला नाव नको होतं. तिचे वडील वर्षभर अंथरुणावर होते आणि पगार झाला की दुसऱ्या दिवशी ती मनिऑर्डर केल्यासारखे पैसे घरी पाठवायची. अक्कानं चिठ्ठ्या परत चुरगाळल्या, खिडकीबाहेर टाकल्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: माणशी १२,०००. त्यावर चर्चा झाली नाही. तिच्या आजीची पानाची चंची होती, लाल कापडाची, तीन कप्प्यांची. कॉन्ट्रीचे पैसे त्यात गेले आणि चंची अक्काच्या गळ्यात.

मग बाकीचं आपोआप ठरत गेलं. आझाद हिंद एक्सप्रेस, स्लीपर. दिवाळी संपल्यावरचा नोव्हेंबर, कारण तेव्हा गर्दी ओसरलेली असते आणि दार्जिलिंगकडे आभाळ स्वच्छ असतं. दोन सॅक उसन्या, एक शाळेच्या एनसीसीतली, एक मी मागून आणलेली. छोटीचे बूट जुनेच.

दोन हजार किलोमीटरच्या प्रवासाबद्दल मला फार सांगायचं नाही. दोन रात्री झोपलो, नागपूरला संत्री घेतली, छत्तीसगडात भाताची खाचरं पाहिली. आंबिया बहाराची ती संत्री हावड्यापर्यंत पुरली आणि डब्यातल्या प्रत्येक मुलाच्या हातात एकेक गेली. गाडी उशिरा पोचली म्हणून हावडा ब्रिज आम्हाला अंधारात नाही, कोवळ्या उन्हात दिसला. १९४३ मध्ये वाहतुकीला खुला झालेला, साडेसव्वीस हजार टन पोलादाचा, आणि त्यात नटबोल्ट नाहीत, सगळं रिव्हेटनं जोडलेलं. टॅक्सी परवडणारी नव्हती. स्टेशनसमोरच्या घाटावरून फेरीबोट घेतली आणि हुगळी ओलांडली. बोटीत डोक्यावर पानांच्या पाट्या घेतलेली माणसं होती, ऑफिसला निघालेली होती, आणि सगळ्यांच्या मधोमध आमच्या चार सॅक. पलीकडे पुलाच्या पायथ्याशी मल्लिक घाटाचा फूलबाजार. झेंडूच्या माळांची वेटोळी माणसांच्या खांद्यावरून लोंबत होती, इतकी जाड की खालचा माणूस दिसत नव्हता. नुसता झेंडू चालत यावा तसा यायचा. बाजूला व्हा, असं बंगालीत ओरडत. मास्तरीण वाट द्यायची आणि परत मध्येच उभी राहायची.

राहायची सोय कलकत्त्यात, बागबाजारात होती. मास्तरणीच्या शाळेतल्या एका बंगाली बाईंची मावशी तिथे राहते. जुनं घर, हिरव्या लाकडी झडपांच्या खिडक्या, आत चौक, आणि चौकात तुळस. आम्ही त्यांना माशीमा म्हणायला लागलो, कारण तिथे सगळेच तसं म्हणत होते. पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. अक्कानं मग रोज सकाळी बाजारातून त्यांच्या घरची भाजी आणायची असं ठरवलं, आणि ते त्यांनी मान्य केलं. वहीत तीन दिवस पटोल, लाल साग, वांगी, असं लिहिलेलं आहे.

दिवसभर पायी फिरायचो. पाय दुखले की ट्राम. या शहरात १८७३ मध्ये घोड्यांनी ओढायची ट्राम आली आणि १९०२ पासून विजेवरची. आता मोजकेच मार्ग उरलेत. लाकडी बाकावर बसून खिडकीशी डोकं टेकवलं की रस्ता इतक्या सावकाश सरकतो की दुकानांच्या पाट्या वाचता येतात. आम्हाला बंगाली लिपी येत नव्हती. पण नेटानं बघत राहिलं की म आणि न ओळखू येतात, आणि मग क. कॉलेज स्ट्रीटला पोचेपर्यंत छोटीनं 'पुस्तक' हा शब्द लावला होता. तिथे फुटपाथभर वैद्यकीची जुनी पुस्तकं होती. ती एका दुकानापुढे उकिडवी बसून रक्ततपासणीवरचं एक जाड पुस्तक तासभर चाळत राहिली. विकत घेतलं नाही. आम्हीही "घे ना" म्हटलं नाही. समोर उभं राहून मातीच्या भाँडात चहा प्यायलो आणि वाट पाहिली.

दुसऱ्या रात्रीची गोष्ट मात्र मला अजून पुरती उलगडलेली नाही. माशीमा नातवाला मांडीवर घेऊन थोपटत होत्या. गुणगुणत होत्या. आम्ही जमिनीवर चटईवर पडलो होतो, अर्धवट झोपेत. गाण्यात एक शब्द आला, बॉर्गी. परत आला. मास्तरणीनं डोळे उघडले आणि विचारलं, "माशीमा, बॉर्गी म्हणजे?" त्या थोपटायच्या थांबल्या. आमच्याकडे बघून हसल्या. "तोमरा तो बॉर्गी!" म्हणाल्या. तुम्हीच की बॉर्गी.

मग हिंदी-बंगालीची मोडतोड करत त्यांनी सांगितलं. पोरं झोपली, गाव निजलं, की बॉर्गी येतात, आणि घरातल्या बाईला काळजी पडते की आता खंडणी कुठून द्यायची. एवढीच ती अंगाई. पावणेतीनशे वर्षं बंगालच्या आया ती म्हणताहेत. बॉर्गी म्हणजे आपले बारगीर. १७४१ ते १७५१ अशी दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात होत्या. १७४२ मध्ये कलकत्त्याच्या लोकांनी भीतीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला. सहा महिन्यांत तीनेक मैल खणून झाला आणि काम थांबलं, कारण मराठे तिथवर आलेच नाहीत. तो खंदक पुढे बुजवला गेला. पण बागबाजारात एका गल्लीचं नाव अजून मराठा डिच लेन आहे. माशीमांच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ.

शाळेत मी हे शिकले होते. रघूजी भोसले, भास्करराम कोल्हटकर, अलिवर्दीखानाशी तह, वर्षाला बारा लाख चौथाई. परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न होता तो आणि मला दोनच्या दोन मिळाले होते. ते बारा लाख कुणाच्या कणगीतून आले असतील, हे मला कधी सुचलंच नव्हतं. चटईवर उठून बसले आणि तोंडातून शब्द फुटेना. मास्तरणीनं बारगीर आणि शिलेदार यातला फरक सांगितला. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगिराकडे घोडा नाही की हत्यार नाही, दोन्ही सरकारी. अक्का म्हणाली, "म्हणजे गरिबाघरचंच पोर की ते. घोडा घ्यायची ऐपत नसलेलं." कुणी उत्तर दिलं नाही. छोटीनं माशीमांच्या मांडीवरचं झोपलेलं पोर अलगद उचललं आणि आत नेऊन निजवलं.

निघताना माशीमांनी आमच्या डब्यात लुची आणि बटाट्याची भाजी भरून दिली. ते वहीत आहे: "माशीमा, लुची. पैसे नाहीत." ज्याचे पैसे पडले नाहीत तेही लिहायचं, ही अक्काची पद्धत. का, असं मी विचारलं होतं. "मिळालेलं पण हिशेबातच असतंय," म्हणाली.

सियालदाहून रात्रीची गाडी. मध्यरात्र उलटल्यावर चाकांचा आवाज बदलला म्हणून जाग आली. फरक्का धरणावरून गाडी चालली होती, खाली गंगा, एकामागून एक दरवाजांचे खांब आणि दिवे. सव्वादोन किलोमीटरचं ते धरण संपेपर्यंत मी दाराशी उभी होते. मागे तिघी गाढ झोपल्या होत्या, एकीचा हात दुसरीच्या सॅकच्या पट्ट्यात अडकवलेला.

न्यू जलपायगुडीपासून सामायिक जीप. पुढे तीन, मध्ये चार, मागे चार अशी माणसं कोंबून ती दार्जिलिंगला निघते. रस्त्याच्या कडेकडेनं आणि कधी रस्ता ओलांडून छोट्या गाडीचे रूळ सोबत येतात. अवघ्या दोन फुटांचं रुंदीमाप, १८८१ पासून चालू, १९९९ मध्ये जागतिक वारसा यादीत. वाफेच्या इंजिनाची फेरी आमच्या वहीत बसत नव्हती. म्हणून घूमला, २,२५८ मीटरवरच्या त्या स्टेशनाबाहेर, आम्ही रुळांच्या बाजूला उभ्या राहिलो आणि गाडी येऊ दिली. हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून गेली. इंजिनाच्या पुढच्या टोकाला माणसं बसली होती आणि चाकं घसरू नयेत म्हणून मुठीनं रुळांवर वाळू टाकत होती. मला वाटतं आत बसलेल्यांना ते दिसलं नसेल.

दार्जिलिंगात फोनवर ठरवलेली खोली मालकानं आम्ही पोचायच्या तासभर आधी जास्त पैसे देणाऱ्यांना देऊन टाकली होती. सात वाजले होते, काळोख आणि थंडी, आणि परवडेल अशी जागा मिळेना. तिसऱ्या उतरणीवर छोटी थांबली. "माझ्यामुळं होतंय हे सगळं. तुम्ही तिघी असता तर…"

"गप," अक्का म्हणाली. "थंडी वाजतीय. चाल."

त्या चिठ्ठ्यांबद्दल आमच्यात जे काही बोलणं झालं ते एवढंच. बाजारामागे एका नेपाळी कुटुंबानं आपली धान्याची खोली रिकामी करून दिली, आणि रात्रभर तांदळाच्या पोत्यांना पाठ लावून आम्ही झोपलो.

मानेभंज्यांगला वाट सुरू होते. भंज्यांग म्हणजे नेपाळीत खिंड. तिथे लँड रोव्हर उभ्या असतात, १९५० च्या दशकातल्या, अजून चालणाऱ्या. संदकफूपर्यंत नेतात. मास्तरणीचा गुडघा दुखत होता आणि ती त्या गाड्यांकडे बघत होती. तिनं भाडं विचारलं. आकडा ऐकून छोटी खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागली, जी आधीच बांधलेली होती. मास्तरणीनं ते पाहिलं. "छे, धक्क्यांनी गुडघा अजून जाईल," म्हणाली आणि काठी घेतली.

वाटाड्या घ्यावाच लागतो. आमचा पन्नाशीचा होता, आम्ही त्याला दाजू, म्हणजे दादा, म्हणायचो आणि तो आम्हाला बहिनी. त्यानं पहिल्या चढणीवरच प्रत्येकीच्या हातात चुर्पीचा एकेक खडा ठेवला. याकच्या दुधाचं वाळवलेलं चीज. दातांनी फुटत नाही, गालात धरून ठेवायचं, तासाभरानं मऊ पडतं. "तोंड बंद राहील, श्वास पुरेल," म्हणाला. चित्रे, मेघमा, मग टुमलिंग. ही वाट कधी भारतात, कधी नेपाळात. टुमलिंग नेपाळात. तिथे फोननं पलीकडचं नेटवर्क धरलं आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे गेलं. छोटी दारात उभी राहून एक पाऊल इकडे, एक तिकडे टाकत होती, जणू सीमा जमिनीवर आखलेली आहे.

दुसऱ्या दिवशी गैरीबासला उतरून परत चढ. कालीपोखरीच्या अलीकडे छोटीच्या डाव्या बुटाचा तळ पुढून सुटला. तोंड उघडावं तसा. दाजूनं सुतळीनं बांधून दिला, पण दर शंभर पावलांनी सुतळी सरकायची. काळ्या पाण्याच्या त्या तळ्याशेजारच्या लॉजवर पोचलो तेव्हा तिचा मोजा भिजून घट्ट झाला होता. लॉजच्या दिदीनं काही न बोलता तो बूट चुलीजवळ ओढला. आधी वाळवला. मग दाभण घेतलं, नायलॉनचा जाड दोरा मेणावरून दोनदा फिरवला, आणि जुन्या टायरच्या तुकड्यातून दाभण काढून तळ शिवायला बसली. दाभण अडलं की ती पाट्याच्या वरवंट्यानं मागून ठोकायची. आम्ही राईच्या भाजीबरोबर वरणभात खात होतो आणि ती टाका घालून, दोरा दातानं ओढून, पुढचा टाका घालत होती. सव्वीस टाके. मी मोजले. पैसे विचारल्यावर तिनं मान हलवली आणि बूट छोटीच्या पुढ्यात ठेवला, दोन्ही हातांनी. वहीत: "बूट शिवला. पैसे घेतले नाहीत."

पुढे बिखेभंज्यांग लागतं. बिख म्हणजे विष. तुकोबांच्या अभंगातलं विख ते हेच, मास्तरीण धापा टाकत म्हणाली. या भागात बचनाग उगवतो, विषारी, त्यावरून नाव पडलं. तिथून शेवटची चढण. चार पावलं, थांबायचं, चार पावलं. संदकफू ३,६३६ मीटरवर आहे, पश्चिम बंगालमधली सगळ्यात उंच जागा. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी तिथवर पोचत नाही. आम्ही पोचलो तेव्हा चारी बाजूंना नुसतं धुकं. डॉर्मिटरीत अंगावर चार-चार पांघरुणं घेऊन चौघी दोन खाटांवर पडलो. रात्री उशाशी ठेवलेल्या बाटलीतलं पाणी गोठलं.

पहाटे दाजूनं दारावर थाप मारली. बाहेर आलो तर आभाळ धुऊन काढल्यासारखं. समोर उत्तरेला एक माणूस आडवा झोपलेला दिसतो. डोकं, छाती, पोट, पाय. तिकडे त्याला झोपलेला बुद्ध म्हणतात. डोक्याच्या जागचं शिखर कुंभकर्ण, ७,७१० मीटरचं. कुंभकर्णाला झोपेतच ठेवलेला पाहून मास्तरीण रडली, हसता हसता रडली. मधे कांचनजंगा, ८,५८६ मीटर. तिबेटी बोलीतल्या त्या नावाचा अर्थ मोठ्या हिमाचे पाच खजिने. १९५५ मध्ये माणसं पहिल्यांदा वर गेली तेव्हा सिक्कीमच्या लोकांना दिलेल्या शब्दाखातर माथ्याच्या काही फूट अलीकडेच थांबली. दाजूनं हे असं सांगितलं, जणू त्याच्या घरी कुणीतरी उंबऱ्याबाहेर चपला काढून आलं होतं. डावीकडे लांब मकालू, आणि त्याच्या मागे एव्हरेस्ट. लांब आहे म्हणून मकालूहून लहान दिसतं. आधी कांचनजंगाचं टोक तांबूस झालं. मग तो रंग खाली उतरला, सावकाश, कुणीतरी हातानं पुसत खाली आणावा तसा. आमच्यापैकी कुणीही फोटो काढला नाही. बोटं उघडत नव्हती.

पाठीमागून छोटी आली. हातात ताट, त्यावर चहाचे चार स्टीलचे पेले, वाफा निघणारे. तिथे वर सगळंच महाग, कारण सगळं खालून आणावं लागतं. आदल्या रात्री आम्ही ठरवलं होतं, चहा फक्त एकदा, जेवणानंतर. अक्कानं पेला घेतला आणि सवयीनं दुसरा हात गळ्यातल्या चंचीकडे नेला. मग जॅकेटच्या आतून वही काढली, पेनाचं टोपण दातानं उघडलं.

"हा नाही लिहायचा," छोटी म्हणाली.

अक्का तिच्याकडे बघत राहिली. "किती झाले?"

"नाही सांगणार."

टोपण परत पेनावर गेलं. चौघी पेले दोन्ही हातांत धरून उभ्या राहिलो. चहा खूप गोड होता आणि पहिल्या घोटाला जीभ भाजली.

त्या दिवसाचं पान समोर उघडं आहे. वर तारीख, खाली "संदकफू", त्याच्या खाली "सकाळ". मग दोन ओळी रिकाम्या, आणि तिथून पुढे गुर्दुम, श्रीखोला, रिंबिक, जीपचं भाडं.